एचआयव्हीबाधित कुटुंबाला मदत : ऐकीव काय, खरे काय

‘औषध तर सरकार फुकट देते, आणखी काय हवे?’ एचआयव्हीबाधित गरीब कुटुंबांचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येते. यातला पहिला भाग खरा आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतल्या एआरटी (विषाणूरोधक उपचार) केंद्रांत औषधे मोफत मिळू लागली आणि २०१७ पासून निदान होताच प्रत्येकाचे उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. पण औषध घेणारा माणूस ऊसतोडीला किंवा बांधकामावर जाणारा असेल, तर केंद्रावर गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. निदान उशिरा झाले असेल तर त्याआधी क्षयरोग, न थांबणारे जुलाब आणि खासगी दवाखाने यांच्या पायी घरातल्या शेळ्या आणि किडुकमिडुक विकून झालेले असते. नवरा गेला की ते सगळे कर्ज बाईच्या अंगावर येते. गोळी विषाणूला आवरते, सावकाराला नाही. म्हणून औषधाखेरीज दरमहा हातात पडणारी रक्कम आणि धान्य या घरांना लागतेच.

महाराष्ट्रात अशी रक्कम संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून मिळते. ही योजना फक्त अपंगांची, हा समज इतका पक्का आहे की अनेक जण अपंगत्वाच्या दाखल्यासाठीच खेटे घालत राहतात. तो दाखला मिळणार नाही आणि त्याची गरजही नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एचआयव्ही नाही. निराधार योजनेत मात्र ६५ वर्षांखालच्या, दुर्धर आजारामुळे पोट भरू न शकणाऱ्या स्त्री-पुरुषांचा वेगळा गट आहे. क्षयरोग, कर्करोग आणि कुष्ठरोगाबरोबर एचआयव्हीचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. ‘एड्स झाल्यावरच मिळते’ हेही चूक. सरकारी रुग्णालयाचा वैद्यकीय दाखला, रहिवासाचा आणि उत्पन्नाचा पुरावा घेऊन अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत द्यायचा असतो. अनुदान महिना १,५०० रुपये.

खरी अडचण उत्पन्नाच्या अटीत आहे. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे, म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात कोणते कुटुंब जगते? लाडकी बहीण योजनेला हीच मर्यादा अडीच लाख आहे. सर्वांत दुबळ्या घराला सर्वांत अरुंद दार ठेवणे अन्यायाचे आहे आणि ही मर्यादा वाढलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही योजनांचे पैसे एकाच बाईला घेता येत नाहीत, हेही आधीच माहीत असलेले बरे.

‘अर्ज केला की गावभर होणार.’ ही भीती पोकळ नाही. तहसीलच्या गर्दीत आजाराचे नाव मोठ्याने विचारले गेले तर बाई पुन्हा तिथे पाऊल टाकत नाही. पण १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार कोणाचीही एचआयव्ही स्थिती तिच्या किंवा त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही. अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक कार्यालयावर त्या सांभाळण्याची जबाबदारी आहे. शिवाय निराधार योजनेत विधवांचा गट स्वतंत्र आहे. पतीच्या मृत्यूचा दाखला जोडून विधवा म्हणून अर्ज केला, तर स्वतःच्या आजाराचा शब्दही काढावा लागत नाही. एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाशी किंवा १०९७ या मोफत हेल्पलाइनवर आधी बोलून कोणत्या गटातून जायचे ते ठरवावे.

रेशनचे गणित तर थेट पोटाचे आहे. प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळते. विधवा आणि दोन मुले धरली तर १५ किलो. अंत्योदय कार्डावर माणसे कितीही असोत, ३५ किलो. दारिद्र्यरेषेखालच्या एचआयव्हीबाधितांना अंत्योदय यादीत घ्यावे, असे केंद्राने २००९ मध्येच राज्यांना कळवले होते. कार्ड आपोआप बदलत नाही, पुरवठा शाखेत तसा अर्ज करावा लागतो.

नवरा एचआयव्हीने गेला की ‘तूच आणलास हा रोग’ म्हणून सुनेला माहेरी धाडायचे, आणि तिचा आता घरावर हक्क उरला नाही असे सांगायचे, हे आजही घडते. अनेक घरांत लागण नवऱ्याकडूनच बायकोला झालेली असते. आणि लागण कोणाकडून का झालेली असेना, हक्काचा त्याच्याशी संबंध नाही. एचआयव्ही कायदा बाधित व्यक्तीला राहत्या घरातून हुसकावू देत नाही. हिंदू वारसा कायद्यात विधवा ही पहिल्या वर्गातली वारस आहे. सातबाऱ्यावर वारसनोंद करायला उशीर करू नये, कारण पुढचे बरेचसे दाखले त्यावर अडतात.

मुलांच्या बाबतीतला मोठा गैरसमज असा की मूल बाधित असेल तरच मदत. गरोदरपणी आईने उपचार घेतले तर बाळाला लागण होण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या खाली येते, त्यामुळे अशा घरांतली अनेक मुले पूर्ण निरोगी असतात. बालसंगोपन योजनेला आई-वडिलांचा आजार पुरतो, मूल आजारी असावे लागत नाही. मुलाला संस्थेत टाकावे लागत नाही. ते आजीकडे, काकाकडे राहू शकते आणि दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे करायचा, आदेश बाल कल्याण समिती देते.

आणि जिथे मोठे कोणीच कर्ते उरलेले नाही? एचआयव्ही कायद्यात यासाठी एक फार मोलाची तरतूद आहे. आजारामुळे पालक असमर्थ झाले असतील आणि १२ ते १८ वर्षांमधले समंजस मूल घर सांभाळत असेल, तर धाकट्या भावंडांचा शाळाप्रवेश, उपचार, बँक खाते, मालमत्ता यांपुरते तेच कायदेशीर पालक ठरते. चौदा वर्षांची ताई धाकट्याचे नाव घालायला आली, तर ‘मोठ्या माणसाला घेऊन ये’ म्हणून तिला परत धाडण्याचा अधिकार कोणत्याही मुख्याध्यापकाला नाही.