नागझिरा आणि इतिहासजमा झालेला भंडारा मतदारसंघ

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यापासून भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्याच्या सीमेपर्यंत पसरलेले नागझिऱ्याचे जंगल वाघ, रानगवे, अस्वले आणि रानकुत्री यांच्यासाठी महाराष्ट्रभर परिचित आहे. मात्र ज्या मुलखात ते उभे आहे, त्या मुलखाने स्वतंत्र भारताच्या संसदीय इतिहासात बजावलेली भूमिका बरीचशी विस्मृतीत गेली आहे. हा मुलूख पूर्वीच्या भंडारा लोकसभा मतदारसंघाचा होय. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत अस्तित्वात आलेला हा मतदारसंघ 2008 च्या पुनर्रचनेत त्या नावाने संपुष्टात आला, आणि त्याच्या साडेपाच दशकांच्या कारकिर्दीचा धागा आरंभापासूनच येथील जंगलाशी जुळलेला दिसतो.

नागझिरा परिसर हा पानगळीच्या मिश्र वनांचा आहे. ऐन, धावडा, बिजा आणि मोह यांच्या जोडीला येथे टेंभुर्णी, म्हणजेच तेंदू, विपुल आढळतो आणि त्याचीच पाने विडी वळण्यासाठी वापरली जातात. उन्हाळ्यात पालवी तयार झाली की अभयारण्याबाहेरच्या वनांत भल्या पहाटे पाने तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची आणि ती ‘फडा’वर, म्हणजे गावाजवळच्या संकलन केंद्रावर, उन्हात वाळवण्यासाठी ओळीने मांडायची, हा येथील अनेक कुटुंबांचा हंगामी रोजगार आहे. रेल्वेचे मोठे जंक्शन असलेल्या गोंदियात या पानांवर विडीचा व्यापार भरभराटीला आला आणि त्या व्यापारातून उभ्या राहिलेल्या घराण्यांनी पुढे राजकारणातही स्थान मिळवले.

1952 च्या निवडणुकीत भंडारा हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एकाच क्षेत्रातून एक सर्वसाधारण आणि एक राखीव अशा दोन जागा भरायच्या आणि प्रत्येक मतदाराने दोन मते द्यायची, अशी ती व्यवस्था होती. तेव्हा हा भाग मध्य प्रदेश राज्यात मोडत असे. काँग्रेसचे चतुर्भुज विठ्ठलदास जसानी आणि तुलाराम साखरे तेथून निवडून आले. परंतु निवडणुकीला आव्हान दिले गेले आणि हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. जसानी हे मुलजी सिक्का आणि कंपनी या विडी उत्पादक पेढीचे भागीदार होते, आणि या पेढीचा सैनिकांसाठी विड्या पुरवण्याचा केंद्र सरकारशी करार होता. सरकारशी पुरवठ्याच्या कराराने बांधलेल्या व्यक्तीस लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार उमेदवारी करता येत नसल्याने हा आक्षेप निर्णायक ठरला. दुसरा आक्षेप राखीव जागेसंबंधी होता. गंगाराम ठवरे यांनी महानुभाव पंथ स्वीकारला असल्याने ते महार राहिले नाहीत, असे मानून त्यांचा अर्ज फेटाळण्यात आला होता. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलेल्या फेब्रुवारी 1954 च्या निकालाने तो अर्ज चुकीने फेटाळला गेल्याचे ठरवले आणि संपूर्ण निवडणूक रद्दबातल झाली. पंथांतर केल्याने जात संपते की नाही, या प्रश्नावर हा निकाल आजही न्यायालयांत उद्धृत केला जातो.

त्यानंतरच्या 1954 च्या पोटनिवडणुकीने भंडाऱ्याकडे देशाचे लक्ष वेधले, कारण राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः उभे राहिले होते. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता विजयी झाले, तर राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी आठ हजारांहून अधिक मतांनी बाबासाहेबांचा पराभव केला. लोकसभेत जाण्याचा बाबासाहेबांचा हा अखेरचा प्रयत्न ठरला. बोरकर यांच्या निधनानंतर 1955 मध्ये त्यांच्या पत्नी अनुसयाबाई बोरकर या जागेवर निवडून आल्या.

1956 मध्ये भंडारा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. 1961 च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले, तेव्हा 1957 मध्ये भंडाऱ्यातून निवडून आलेले बाळकृष्ण वासनिक 1962 मध्ये गोंदिया या स्वतंत्र मतदारसंघातून लोकसभेत गेले. 1967 मध्ये अशोक मेहता पुन्हा भंडाऱ्यातून विजयी झाले, पण या वेळी काँग्रेसचे उमेदवार म्हणून. पुढे 1977 मध्ये जनता पक्षाचे लक्ष्मणराव मानकर, 1989 मध्ये भाजपचे खुशाल बोपचे आणि 1991 पासून सलग तीनदा काँग्रेसचे प्रफुल्ल पटेल, असा सत्तापालट होत राहिला. या नावाच्या अखेरच्या, 2004 च्या निवडणुकीत भाजपच्या शिशुपाल पटले यांनी पटेलांना सुमारे तीन हजार मतांनी हरवले.

दरम्यान जंगलाची प्रशासकीय रेषाही बदलत होती. 1970 मध्ये नागझिरा अभयारण्य घोषित झाले आणि 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा निर्माण झाला. त्यामुळे चोरखमारा प्रवेशद्वार गोंदिया जिल्ह्यात, तर पिटेझरी भंडारा जिल्ह्यात अशी विभागणी झाली. 2001 च्या जनगणनेवर आधारित परिसीमनात, म्हणजे मतदारसंघांच्या सीमांच्या फेरआखणीत, भंडारा-गोंदिया हा नवा मतदारसंघ तयार झाला. तुमसर, भंडारा, साकोली, अर्जुनी मोरगाव, तिरोडा आणि गोंदिया हे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात आहेत. पुढे 12 डिसेंबर 2013 रोजी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. नागझिरा आणि नवीन नागझिरा, नवेगावचे राष्ट्रीय उद्यान व अभयारण्य आणि कोका अभयारण्य अशी पाच क्षेत्रे त्यात एकत्र आली आणि त्यांचा बहुतांश भाग याच मतदारसंघात मोडतो.

परिसीमनाचा मुख्य आधार लोकसंख्या असतो, आणि जंगल त्या गणतीत येत नाही. तरीही वन्यजीवांकडून होणारे पिकांचे नुकसान, तेंदूपत्त्याचा हंगाम आणि पर्यटनातून मिळणारा रोजगार हे जंगलाकाठच्या गावांचे प्रश्न दोन जिल्ह्यांत विभागले गेले असले, तरी त्यांचे स्वरूप एकच आहे. 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेनुसार सीमा पुन्हा आखल्या जातील, तेव्हा या प्रकल्पाभोवतीची गावे एकाच खासदाराच्या कार्यक्षेत्रात ठेवण्याचा विचार परिसीमन आयोगाने अवश्य करावा.