चष्मा उतरविण्यापूर्वीं

आमच्या नातीचें लग्न जमत आलें, तों मुलाकडून चष्म्याविषयीं पृच्छा झाली. लागलीच घरच्या वडीलधाऱ्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांनीं एकच उपाय सुचविला : लेसर! फलटणहून पुण्यास गेलों. नेत्रवैद्यांनीं पहिलेंच विचारलें, “डोळ्यांतील भिंगें काढून किती दिवस झाले?” नात गप्प. आदल्या रात्रींच काढलीं होतीं. अशा भिंगांनीं पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो व माप चुकतें. दोन आठवडे थांबावें लागलें.

पारपटल म्हणजे बुबुळापुढील पारदर्शक पडदा. मध्यभागीं जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. ‘लॅसिक’ शस्त्रक्रियेंत त्याचा पापुद्रा उचलून खालील थर एक्सायमर लेसरनें झिजवितात. आसपासचा भाग न जाळतां मांस असें कोरतां येतें, हें १९८१ सालीं अमेरिकेंत मूळचे मद्रासकडील रंगस्वामी श्रीनिवासन् व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें. (प्रयोग पक्ष्याच्या मांसावर झाला, हें आम्हीं देवघरापर्यंत पोहोंचूं दिलें नाहीं!) झिजविलेलें पुन्हां भरून येत नाहीं. म्हणून वयाचीं अठरा वर्षें पूर्ण, नंबर वर्षभर स्थिर आणि पारपटल पुरेसें जाड हवें; तें शंकूसारखें पुढें येऊं लागलें असल्यास ही शस्त्रक्रिया वर्ज्य. नंतर कित्येकांचे डोळे कांहीं महिने कोरडे पडतात, रात्रीं दिव्यांभोंवतीं वलयें दिसतात. चाळिशीचा चष्मा तर टळत नाहींच. शस्त्रक्रियेपूर्वींचीं मापें मात्र जपून ठेवावीं. म्हातारपणीं मोतीबिंदू काढतांना कृत्रिम भिंगाचा नंबर ठरविण्यास तीं उपयोगी पडतात.

दुसऱ्या मापांत नातीचें पारपटल पातळ ठरलें. वैद्यांनीं स्पष्ट नकार दिला. तो आम्हीं मुलाकडे जसाच्या तसा कळविला आहे. उत्तर यावयाचें आहे.