पिवळं पडलं म्हणजे पिकलं नव्हे

सप्टेंबर उजाडला की शिरोळ-हातकणंगले भागात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘सोयाबीन पिवळं पडलं, आठवड्यात काढणीला येतंय.’ दरवर्षी हेच ऐकून आता चीड येते. पीक पिकतं तेव्हा पानांबरोबर शेंगाही रंग बदलतात. पानं झडतायत आणि शेंगा हिरव्याच आहेत, तर ते पिकणं नव्हे. आधी तांबेरा हा बुरशीजन्य रोग आहे का ते बघा.

बुडाचं एक पान तोडून उलटं करा. तांबेरा असेल तर मागे बारीक तपकिरी फोड दिसतील, बोट फिरवलं तर गंजासारखी पूड लागेल. ही बुरशी खालच्या पानांवरून वर चढते. पान गेलं की दाणा भरायचा थांबतो, सुरकुततो, उतारा घटतो. ढगाळ हवा, रिमझिम आणि रात्रभर ओली राहणारी पानं तिला मानवतात. कृष्णा-पंचगंगेच्या काठी या दिवसांत तेच हवामान असतं.

‘बियाणंच खराब होतं’ हेही चूक. तांबेरा बियाण्यातून येत नाही, वाऱ्यावरून येतो. २००४ मध्ये तो अमेरिकेच्या मुख्य भूमीवर प्रथम सापडला, तेव्हा इव्हान चक्रीवादळाने दक्षिण अमेरिकेतून बीजाणू आणले असावेत, असं तिथल्या शास्त्रज्ञांनी मांडलं. मग शेजारच्या रानातून आपल्या रानात यायला त्याला कितीसा वेळ लागणार?

पहिले फोड दिसताच हेक्झाकोनॅझोल किंवा प्रोपिकोनॅझोल लिटरला १ मिली घेऊन पानांची खालची बाजू भिजेल अशी फवारणी करा. पानं झडल्यावर फवारलं तर पैसे वाया. खरा उपाय वाणातच आहे. जेएस ३३५ हा वाण तांबेऱ्याला सहज बळी पडतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज केंद्राने फुले अग्रणी, फुले संगम, फुले किमया हे तांबेऱ्याला तोंड देणारे वाण दिलेत. पेरणीआधी त्यांचा विचार करा.

असेच आणखी दोन गैरसमज. ‘पिवळं दिसलं की युरिया टाका’ हा पहिला: सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र घेतात, वरून युरियाचा मारा केला तर त्यांचं काम मंदावतं. रानात पाणी साचून पीक पिवळं पडलं असेल, तर आधी चर काढा.

‘बियाणं दरवर्षी विकतचंच हवं’ हा दुसरा: सोयाबीन स्वपरागीत पीक आहे, घरचं चालतं. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून उगवण तपासा. ७० उगवले तर एकरी ३० किलो पुरे.