मोबाइलवर सरळ, संगणकावर आडवे

आमच्या शाखेतील एक ज्येष्ठ ग्राहक भगिनी पतीच्या निधनानंतर कुटुंब निवृत्तिवेतनाची कागदपत्रे जमवीत होत्या. मृत्यूच्या दाखल्याचे छायाचित्र मोबाइलवर काढून त्यांनी ते एका संकेतस्थळावर पाठविले. अर्ज परत आला. शेरा होता, 'दस्तऐवज वाचता येत नाही.' पुन्हा छायाचित्र काढले, पुन्हा तोच शेरा. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मीही, खेदाने नमूद करतो, "आजी, मोबाइल सरळ धरून काढायचं ना," असेच म्हणालो. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "सरळच तर आहे, साहेब!" छायाचित्र खरोखरच सरळ होते. मात्र तीच फाइल आमच्या संगणकावर उघडली, तर दाखला कुशीवर निजलेला!

चूक आजींची नव्हतीच. कॅमेऱ्याचा सेन्सर मोबाइलमध्ये एकाच दिशेने, बहुधा आडवा, पक्का बसविलेला असतो. आपण मोबाइल उभा धरला तरी चित्राचे बिंदू सेन्सरच्याच क्रमाने टिपले जातात. ते फिरवून लिहिण्याऐवजी अनेक मोबाइल चित्र तसेच साठवितात आणि फाइलच्या आरंभी एक छोटी नोंद ठेवतात, की दाखविताना अमुक इतके फिरवावे. ही नोंद 'एक्झिफ' या पद्धतीने होते. जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या विकास संघटनेने ती १९९५ मध्ये प्रथम सिद्ध केली. दिशेसाठी १ ते ८ पैकी एक अंक लिहिला जातो. १ म्हणजे जसेच्या तसे, ३ म्हणजे पूर्ण उलटवून, ६ म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे ९० अंश फिरवून आणि ८ म्हणजे तितकेच उलट दिशेने. उरलेले अंक आरशातील प्रतिबिंबांसाठी आहेत.

आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत हा व्हाउचरवरील शेरा होय. तो वाचला तर व्यवहार उलगडतो, न वाचल्यास नुसते आकडे दिसतात. जुन्या संगणक प्रणाली हा शेरा वाचतच नाहीत. काही ॲप छायाचित्राचा आकार कमी करताना तो पुसून टाकतात. (त्याच जागी छायाचित्र कोठे काढले हेही लिहिलेले असू शकते. त्यामुळे पुसणे सर्वस्वी वाईट म्हणवत नाही.) क्रोम व फायरफॉक्स हे ब्राउझर संकेतस्थळावरील चित्रांसाठी तो आपोआप पाळू लागले ते २०२० मध्ये. याच्या उलट गफलतही घडते. एखादे ॲप बिंदू फिरवून लिहिते, पण ६ चा १ करावयास विसरते. मग पुढचे ॲप चित्र आणखी एकदा फिरविते. एकच रक्कम खात्यात दोनदा नावे पडावी, तसा हा प्रकार.

कागद टेबलावर ठेवून छायाचित्र काढणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते. मोबाइलची कोणती कड खाली आहे, हे त्यातील ॲक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणावरून ओळखतो. मोबाइल कागदाला समांतर धरला की ते आकर्षण पडद्याच्या आरपार जाते आणि चारही कडा त्याला सारख्याच. अशा वेळी मोबाइल बहुधा आधीची दिशाच धरून बसतो. यास्तव तो प्रथम उभा धरावा आणि मग हळूच कागदावर कलवावा. कागद भिंतीशी उभा ठेवता आला, तर अधिकच उत्तम.

आजींच्या छायाचित्राची दिशा मोबाइलने ओळखली होती, नोंद तेवढी वाटेत दुर्लक्षित राहिली. आम्ही मोबाइलवरच त्याच्या कडा किंचित कापून ते नव्याने जतन केले. असे केल्यावर बहुतेक ॲप बिंदूच योग्य क्रमाने लिहितात, शेऱ्याची गरज उरत नाही. काही ॲप मात्र नुसते फिरविल्यास केवळ अंक बदलतात, म्हणून फाइल पुन्हा संगणकावर उघडून पाहिली. दाखला सरळ उभा होता. आजींनी माझ्याच टेबलाशी बसून तो पाठविला. तिसऱ्या वेळी अर्ज परत आला नाही.