निष्ठावंत मतदाराचें गाऱ्हाणें

निवडणूक हा लोकसत्तेचा उत्सव होय, असें नागरिकशास्त्राच्या पुस्तकांतून मुलांस शिकविलें जातें, आणि तें खोटें नाहीं. परंतु २०२४ सालीं एप्रिल-मे महिन्यांत लोकसभेचा व नोव्हेंबरांत विधानसभेचा असा हा उत्सव महाराष्ट्रांत दोन वेळां झाला, तेव्हां एका विशिष्ट प्रकारच्या मनुष्याच्या तोंडावर उत्साहाऐवजीं उद्वेग दिसत होता. हा मनुष्य म्हणजे निष्ठावंत मतदार. ऐन वेळीं निश्चय करणाऱ्यास या निवडणुकींत पुष्कळ मौज वाटली असेल. पण तीस-चाळीस वर्षें एकाच चिन्हावर मत देत आलेला जो गृहस्थ, त्याची अवस्था स्वतःचें घर असूनहि धर्मशाळेंत उतरावें लागलेल्या प्रवाशासारखी झाली. आमचें स्वतःचें मत कोणत्या पक्षास पडतें हें सांगण्याचें हें स्थळ नव्हे; आणि त्याची गरजहि नाहीं, कारण हें गाऱ्हाणें सर्व पक्षांच्या घरीं सारखेंच आहे.

थोडें मागें जाऊन पाहूं. ऑक्टोबर २०१९ मध्यें भाजप व शिवसेना यांनीं युति करून आणि काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांनीं आघाडी करून मतें मागितलीं. मतदारांनीं भाजपास १०५, शिवसेनेस ५६, राष्ट्रवादीस ५४ व काँग्रेसला ४४ जागा दिल्या. पुढें २३ नोव्हेंबरास भल्या सकाळीं एक शपथविधि झाला, २८ नोव्हेंबरास दुसरा झाला. आणि ज्यांच्याविरुद्ध मतें मागितलीं त्यांच्याशींच दोन्ही वेळां संसार थाटला गेला. जून २०२२ मध्यें शिवसेना दुभंगली, जुलै २०२३ मध्यें राष्ट्रवादी दुभंगली. या दोन पक्षांच्या मतदारांस आपला पक्ष कोणता हेंच कळेनासें झालें. भाजपाच्या मतदारानें ज्यांच्यावरील आरोप आपल्याच पुढाऱ्यांच्या तोंडून वर्षानुवर्षें ऐकले, तेच गृहस्थ २ जुलै २०२३ रोजीं आपल्याच सरकारांत उपमुख्यमंत्री झालेले पाहिले. काँग्रेसच्या मतदारानें प्रथम शिवसेनेशीं झालेली सोयरीक पाहिली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें आपले एक माजी मुख्यमंत्री भाजपांत गेलेले पाहिले. सारांश, कोणाचेंच घर निर्वेध राहिलें नाहीं.

या उलथापालथीची झळ केवळ विधानभवनास लागली असती, तर आम्ही लेखणी हातीं घेतली नसती. २०२४ ची दिवाळी नोव्हेंबरच्या आरंभींच आली आणि मतदान त्याच महिन्याच्या २० तारखेस होतें. फराळाच्या ताटाभोंवतीं बसलेल्या काका-पुतण्यांत, साडू-साडूंत ‘गद्दार’ आणि ‘खोके’ हे शब्द चकलीइतक्या सहजतेनें फिरूं लागले. पूर्वींहि एका घरांत दोन पक्ष असत. वडील जनसंघाचे, तर मामा समाजवादी, असें कित्येक घरांत होतें. वाद होई आणि वादानंतर चहाहि होई. कारण आपण कोठें उभे आहों व समोरचा कोठें उभा आहे, हें दोघांसहि ठाऊक असे. आतां भांडण जुंपतें तें एकाच पक्षाच्या दोन निष्ठावंतांत. आणि भाऊबंदकी ही शेजाऱ्याच्या तंट्याहून नेहमींच अधिक कडू असते. व्हॉट्सॲपवरील कुटुंबाच्या गटांतून वडीलधारीं माणसें न बोलतां बाहेर पडलीं, अशीं उदाहरणें वाचकांच्याहि पाहण्यांत असतील.

या कडवटपणाचें मूळ माणसांच्या स्वभावांत जितकें आहे, त्याहून अधिक तें एका प्रश्नांत आहे. मतदारानें दिलेलें मत हें नक्की कोणाचें? पक्षाचें कीं उमेदवाराचें?

आपल्या देशांत १९५१-५२ सालीं पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हां बहुसंख्य मतदारांस अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी ठेवून तिजवर त्याचें चिन्ह चिकटविण्यांत आलें. तेव्हांपासून मनुष्य बदलला तरी चिन्ह तेंच, अशी मतदाराची समजूत दृढ होत गेली. आणि पक्षांनींहि ती आनंदानें पोसली. सभांतून उमेदवाराच्या गुणांपेक्षां चिन्हाचाच घोष अधिक होतो, हें कोणासहि दिसेल. १९८५ सालीं घटनेच्या ५२ व्या दुरुस्तीनें पक्षांतरबंदीचें दहावें परिशिष्ट आलें, तें याच समजुतीस मान देणारें होतें. पक्षाच्या नांवावर निवडून आलेल्यानें पक्ष सोडला तर त्याचें सदस्यत्व जावें, असा त्याचा आशय. एकतृतीयांश सदस्य फुटल्यास मिळणारी सूट २००३ सालच्या ९१ व्या दुरुस्तीनें काढून टाकली; दोनतृतीयांश सदस्यांच्या संमतीनें दुसऱ्या पक्षांत विलीन होण्याची सूट तेवढी उरली. येथपर्यंत कायदा म्हणतो कीं मत हें पक्षाचें.

आतां दुसरी बाजू पाहावी. पक्ष दुभंगल्यास नांव व चिन्ह कोणास द्यावें, हें निवडणूक आयोग १९६८ सालच्या चिन्हविषयक आदेशाच्या पंधराव्या परिच्छेदान्वयें ठरवितो. १९६९ सालीं काँग्रेस दुभंगली, त्या प्रकरणांत बहुमताची कसोटी पुढें आली व सर्वोच्च न्यायालयानें १९७१ सालीं ती मान्य केली. शिवसेनेच्या वादांत पक्षाची घटना व संघटना यांवरून निर्णय करितां येत नाहीं असें ठरवून आयोगानें १७ फेब्रुवारी २०२३ रोजीं विधिमंडळांतील बहुमत पाहून धनुष्यबाण शिंदे गटास दिला. ६ फेब्रुवारी २०२४ रोजीं राष्ट्रवादीचें घड्याळहि त्याच कसोटीनें अजित पवार गटास मिळालें.

शिवसेनेच्या निर्णयांतील हिशेब मतदारानें नीट वाचण्यासारखा आहे. शिंदे गटाच्या ४० आमदारांस २०१९ सालीं सुमारें ३६ लाख ५७ हजार मतें पडलीं होतीं. सर्व विजयी आमदारांच्या सुमारें ४७ लाख ८२ हजार मतांचा तो शेंकडा ७६ वांटा होता. म्हणजे ज्या मतदारानें डोळे मिटून धनुष्यबाणास मत दिलें, त्याचें मत त्याचा आमदार ज्या गटांत गेला त्या गटाच्या खातीं आपोआप जमा झालें. त्यास कोणीं विचारलें नाहीं. शिवाय त्या निवडणुकींत शिवसेनेस एकूण सुमारें ९० लाख ४९ हजार मतें मिळालीं होतीं. ज्यांचे उमेदवार पडले, असे बेचाळीस लाखांहून अधिक निष्ठावंत या तागडीच्या कोणत्याच पारड्यांत नव्हते.

संस्कृत शास्त्रकारांनीं ‘अर्धजरतीय’ नांवाचा एक न्याय सांगितला आहे. एकच व्यक्ति सोयीपुरती अर्धी तरुण व अर्धी वृद्ध मानणें, हा त्यांतील दोष. पक्षांतराचा विचार करितांना मत पक्षाचें मानावयाचें, आणि चिन्हाची वांटणी करितांना तेंच मत आमदाराचें मानावयाचें, हा अर्धजरतीय प्रकार नव्हे तर काय? सर्वोच्च न्यायालयानें ११ मे २०२३ रोजीं राज्यपालांनीं बहुमत सिद्ध करण्याचा दिलेला आदेश न्याय्य नव्हता असें सांगितलें. परंतु मुख्यमंत्र्यांनीं त्यापूर्वींच राजीनामा दिला असल्यामुळें त्यांचें पद परत देतां येत नाहीं, असेंहि सांगितलें. अपात्रतेचा प्रश्न विधानसभाध्यक्षांकडे गेला. अध्यक्षांनीं १० जानेवारी २०२४ रोजीं शिवसेनेच्या दोन्ही गटांपैकीं एकाहि आमदारास अपात्र ठरविलें नाहीं. पक्ष फुटला, पण पक्ष सोडणारा कोणीच नाहीं! सामान्य मतदाराच्या बुद्धीस हें कोडें उलगडत नाहीं, आणि त्याबद्दल त्यास दोष देतां येणार नाहीं.

मतदानाच्या दिवशींहि त्याची परीक्षा संपली नाहीं. रत्नागिरी-सिंधुदुर्गांत लोकसभेच्या मतदानयंत्रावर धनुष्यबाण नव्हता. लढत कमळ व मशाल यांत होती. सांगलीस पंजा नव्हता. तेथील मतदारांनीं वसंतदादांच्या नातवास अपक्ष म्हणून निवडून दिलें. साताऱ्यास तर ‘तुतारी वाजविणारा माणूस’ या पक्षचिन्हाखेरीज नुसती तुतारी, लोक जिला पिपाणी म्हणतात, ती एका अपक्षाकडे होती. तिला ३७ हजारांवर मतें पडलीं, आणि पक्षाचा उमेदवार ३३ हजारांहून कमी मतांनीं पडला. त्यांतील किती मतें चुकून गेलीं हें सांगणें अशक्य. पण आपलें मत योग्य जागीं पडलें कीं नाहीं, ही रुखरुख अनेकांच्या मनांत राहिली असेल.

यावर कोणी म्हणेल कीं, प्रतिनिधि हा पक्षाचा निरोप्या नव्हे. परिस्थिति बदलल्यास त्यास मत बदलण्याची मोकळीक हवी. हा आक्षेप वजनदार आहे, आणि तो आम्हांस मान्यहि आहे. परंतु मोकळीक घेणाऱ्यानें मतदारास पुन्हा विचारावें, एवढेंच आमचें म्हणणें. उदाहरण साताऱ्याचेंच आहे. उदयनराजे भोसले २०१९ च्या मे महिन्यांत राष्ट्रवादीकडून खासदार झाले, सप्टेंबरांत राजीनामा देऊन भाजपांत गेले आणि ऑक्टोबरांतील पोटनिवडणुकींत श्रीनिवास पाटील यांजकडून पराभूत झाले. त्याच साताऱ्यानें २०२४ सालीं त्यांस भाजपचे उमेदवार म्हणून निवडून दिलें. कर्नाटकांत २०१९ सालीं अपात्र ठरलेले आमदार डिसेंबरच्या पोटनिवडणुकींत मतदारांपुढें गेले, व जे उभे राहिले त्यांतील बहुतेक पुन्हा निवडून आले. मतदारानें कोठें नाहीं म्हटलें, कोठें होय म्हटलें. परंतु त्यास विचारलें गेलें, म्हणून तेथें फसविलें गेल्याची भावना उरली नाहीं.

म्हणून पक्ष सोडणाऱ्यानें, मग तो एकटा असो वा चाळीसांच्या समुदायांत असो, प्रथम राजीनामा द्यावा व ठराविक मुदतींत पुन्हा मत मागावें, असा सरळ नियम व्हावयास हवा. एकट्यानें केलें तर पाप आणि समूहानें केलें तर पुण्य, हें गणित मुलांसहि पटवितां येणार नाहीं. पोटनिवडणुकांस खर्च होईल हें खरें. पण विश्वास गमावण्याचा खर्च त्याहून मोठा आहे.

तोंवर निष्ठावंत मतदारानें काय करावें? निष्ठा या शब्दांत ‘स्था’ धातु आहे. निष्ठा म्हणजे दृढपणें उभें राहणें. कशावर उभें राहावयाचें, हें मात्र ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें. चिन्ह आयोग काढून घेऊं शकतो, नांव वांटलें जाऊं शकतें, पुढारी उठून जाऊं शकतो. ज्या विचारासाठीं आपण पहिल्यांदां त्या चिन्हाकडे वळलों, तो विचार तेवढा कोणास हलवितां येत नाहीं. तो आज कोणापाशीं किती उरला आहे, हें प्रत्येक वेळीं तपासून मत द्यावें. कोणापाशींच नसेल तर २०१३ पासून यंत्रावर ‘वरीलपैकीं कोणीहि नाहीं’ ही कळहि आहे. परंतु घरीं बसूं नये. आणि आपल्याच पक्षाचा दुसरा तुकडा ज्या पुतण्यास प्रिय आहे, त्याच्याशीं बोलणें टाकूं नये. पुढारी कालचे वैर विसरून पुन्हा एका पंक्तीस बसतात, हें २०१९ पासून आपण अनेकदां पाहिलें. त्यांच्यासाठीं तुटलेलीं घरचीं नातीं जोडावयास मात्र त्यांतील कोणी येणार नाहीं.