ग्रहांवरील वजन

ग्रहांवरील वजन म्हणजे एखाद्या वस्तूवर किंवा मानवी शरीरावर त्या त्या ग्रहाचे कार्य करणारे गुरुत्वाकर्षण बल होय. शरीर तेच राहिले तरी ग्रह बदलताच हे बल बदलते. पृथ्वीवर ६० किलोग्रॅम भरणारी व्यक्ती येथलाच ताणकाटा घेऊन चंद्रावर गेली, तर काटा सुमारे १० किलोग्रॅम दाखवील. मंगळावर तो २३च्या जवळ थांबेल.

वस्तुमान आणि वजन

वस्तुमान म्हणजे वस्तूतील द्रव्यसंचय. ते कोठेही बदलत नाही व किलोग्रॅममध्ये मोजले जाते. वजन हे बल असून त्याचे एकक न्यूटन आहे. वस्तुमानास त्या ठिकाणच्या गुरुत्व त्वरणाने गुणले असता वजन मिळते. व्यवहारात मात्र किलोग्रॅमलाच वजन म्हणण्याचा प्रघात आहे आणि विद्यार्थ्यांचा बहुतेक गोंधळ येथूनच सुरू होतो.

हा भेद तोलण्याच्या साधनांवरून चटकन ध्यानात येतो. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील सापगाव हे भातशेतीच्या मुलखातील गाव. तेथील तांदळाचे ५० किलोग्रॅमचे पोते दोन पारड्यांच्या तराजूत तोलले आणि तराजूसह चंद्रावर नेले, तरी पारडी समपातळीतच राहतील. कारण पोते आणि लोखंडी वजने सारख्याच प्रमाणात हलकी होतात. ताणकाट्याला अडकवले तर तेच पोते साधारण ८ किलोग्रॅम भरेल. हमालास ते उचलणे सोपे जाईल, परंतु वेगाने सरकणारे पोते थोपविण्यास पृथ्वीवर लागते तेवढेच बल लावावे लागेल.

पृथ्वीवरही वजन सर्वत्र सारखे नसते. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरते. त्यामुळे सापगावी ६० किलोग्रॅम दाखवणारा ताणकाटा उत्तर ध्रुवावर सुमारे २८० ग्रॅम अधिक दाखवील. उंचीचा परिणाम त्याहून सूक्ष्म आहे. शहापूरजवळच्या माहुली गडाच्या माथ्यावर आणि पायथ्याशी तोललेल्या शरीरात काही ग्रॅमांचाच फरक पडतो. गड चढताना शरीर जड वाटते, ते थकव्यामुळे.

ग्रहानुसार फरक

मोठ्या ग्रहावर वजन त्याच प्रमाणात वाढते, ही समजूत चुकीची आहे. पृष्ठभागावरील गुरुत्व त्वरण ग्रहाच्या वस्तुमानाच्या सम प्रमाणात, तर त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. शनीचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ९५ पट आहे. पण त्याची त्रिज्याही साडेनऊ पटींच्या जवळपास असल्याने ६० किलोग्रॅमची व्यक्ती तेथे अवघी ६४ किलोग्रॅम भरेल. बुध मंगळाहून लहान असला तरी अधिक घन आहे, म्हणून दोन्ही ग्रहांवर वजन जवळजवळ सारखे, सुमारे २३ किलोग्रॅम येते. शुक्र व युरेनसवर ते ५४, नेपच्यूनवर ६८ आणि गुरूवर १५२ किलोग्रॅमच्या आसपास असेल. गुरू, शनी, युरेनस व नेपच्यून यांना घन पृष्ठभाग नाही. वातावरणाचा दाब पृथ्वीच्या समुद्रसपाटीवरील दाबाएवढा असतो ती पातळी पृष्ठभाग मानून हे आकडे काढतात. प्रत्यक्षात काटा ठेवण्यास तेथे जागाच नाही.

इतिहास

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या सिद्धान्तशिरोमणी या ग्रंथात पृथ्वीच्या ठायी आकर्षणशक्ती असून ती जड पदार्थांना आपल्याकडे ओढते, असे म्हटले आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. मात्र हे बल वस्तुमान व अंतरावर कसे अवलंबून असते, याचा गणिती नियम न्यूटनने १६८७ मध्ये मांडला. तो नियम भास्कराचार्यांनी आधीच सांगितला होता, हा अधूनमधून केला जाणारा दावा ग्राह्य धरता येत नाही. त्यांचे श्रेय त्यावाचूनही मोठे आहे.

अंतराळ मोहिमा

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असून तेथे गुरुत्व त्वरण जमिनीवरील मूल्याच्या जवळपास ९० टक्के असते. तरीही अंतराळवीर तरंगतात, कारण स्थानक आणि ते दोघेही एकाच वेळी पृथ्वीकडे मुक्तपणे पडत असतात. चांद्रयान ३ मोहिमेचे लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरले. त्यातील २६ किलोग्रॅम वस्तुमानाची प्रज्ञान ही बग्गी तेथील मातीवर पृथ्वीवरच्या जेमतेम साडेचार किलोग्रॅमइतकाच भार देत होती.