शेतातले सोयाबीन आणि घरातले ताट

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवड हे काळ्या जमिनीच्या टापूतील गाव. दिवाळीच्या सुमारास या टापूत मळणीयंत्रांची घरघर थांबते आणि सोयाबीनची पोती बाजाराची वाट धरतात. तूर त्या वेळी शेतात उभीच असते. म्हणून पुष्कळ घरी वरणाची डाळ किराणा दुकानातून किलो-अर्धा किलोने येते. ज्या दाण्यात शेकडा 36 ते 40 प्रथिने असतात तो विकावयाचा, आणि जिच्यात शेकडा 22 च्या आसपास प्रथिने असतात ती डाळ पुरवून पुरवून शिजवावयाची, असा हा व्यवहार आहे. रोख पैशाची निकड कोणास नसते? परंतु पूर्वी खरिपात ज्वारी, मूग व उडीद घरापुरते तरी पेरले जात. सोयाबीनचा पेरा वाढला तसे हे धान्य मागे पडले, आणि शेताचा व चुलीचा संबंध तुटला. आहाराविषयी गावात जे प्रश्न विचारले जातात, त्यांतील बहुतेकांचे मूळ येथेच सापडते.

पहिला प्रश्न ठरलेला : “सोयाबीन इतके चांगले, तर ते घरी खावे की नाही?” अवश्य खावे, मात्र कच्चे खाऊ नये. कच्च्या दाण्यात प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारे द्रव्य असते व ते उष्णतेने नाहीसे होते. दाणे निवडून, धुऊन, उकळत्या पाण्यात 20 ते 25 मिनिटे शिजवावेत, हाताने चोळून साल काढावी आणि कडक उन्हात खडखडीत वाळवावेत. असे 1 किलो सोयाबीन 9 किलो गव्हात मिसळून दळून आणल्यास पोळीची चव फारशी बदलत नाही. अधिक घालण्याच्या मोहात पडू नये. वास येतो, मुले पोळी बाजूला सारतात आणि सारा खटाटोप फुकट जातो.

येथे एक धोक्याची सूचना देणे आवश्यक आहे. पेरणीतून उरलेले बियाणे, त्यास बुरशीनाशक चोळलेले असल्यास, कितीही धुतले तरी खाण्याचे नव्हे. ते दळणात जाऊ देऊ नये, जनावरांसही घालू नये. पावसात भिजून काळा पडलेला, बुरशी आलेला दाणाही घरासाठी ठेवू नये. घरचे सोयाबीन म्हणजे विकून उरलेले सोयाबीन नव्हे; मळणीच्या दिवशीच चांगल्यापैकी दहा-पंधरा किलो बाजूस काढलेले सोयाबीन.

दुसरा प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतात : भाकरी सोडून पोळी धरली, हे चुकले काय? राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 साली झाला आणि 2023 पासून त्याखालील धान्य मोफत मिळू लागले. घरात गहू-तांदूळ आला, ज्वारी मागे पडली. ज्वारीच्या भाकरीत कोंडा राहतो, पोट साफ राहते, ही तिची बाजू खरी आहे. तथापि नुसत्या भाकरीचाही गौरव करण्याचे कारण नाही. हैदराबादच्या परिसरात मुख्यतः ज्वारीवर राहणाऱ्या गरीब माणसांना पेलाग्रा हा रोग होत असे. उघड्या अंगावर काळे चट्टे, जुलाब आणि मनाची भ्रमिष्ट अवस्था ही त्याची लक्षणे. तेथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या सुमारास त्याचा अभ्यास केला आणि ज्वारीतील ल्यूसीन या घटकाच्या आधिक्याकडे बोट दाखविले. या कारणाविषयी पुढे शास्त्रज्ञांत मतभेद झाले. पण नायसिन हे जीवनसत्त्व दिल्याने रोग बरा होतो, याविषयी वाद नाही. ते शेंगदाण्यात भरपूर असते. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी खाण्याची जुनी रीत म्हणूनच मोलाची आहे.

धान्य कोणतेही असो, त्यास डाळीची जोड हवी. धान्यात लायसिन कमी असते ते डाळीत मिळते, आणि डाळीत जे उणे असते ते धान्य भरून काढते. याच प्रयोगशाळेची पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तिच्या 2024 च्या मार्गदर्शनात दिवसाला 250 ग्रॅम धान्यास 85 ग्रॅम डाळ, म्हणजे सुमारे तिनास एक, असे कच्च्या मालाचे प्रमाण दिले आहे. कष्टकऱ्यास याहून अधिक अन्न लागेल, पण प्रमाण तेच ठेवावे. पाच माणसांच्या घरात एक वाटी डाळीत चार तांबे पाणी ओतून केलेले वरण हे या हिशेबात बसत नाही.

तिसरा प्रश्न सहसा सभेत विचारला जात नाही; अंगणवाडीच्या दाराशी हळूच विचारला जातो. “जेवण तर दोन वेळा होते, मग निंदताना चक्कर का येते?” 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा 57 स्त्रियांना रक्तक्षय आढळला. मासिक पाळी येणाऱ्या स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला 19. गरज तिची अधिक, आणि जेवायला ती शेवटी बसते. तोवर भाजीचे पातेले खरवडलेले असते. यावर कोणत्याही गोळीपूर्वीचा उपाय असा, की भाजी व वरण सर्वांची ताटे मोजून आधीच वाढून ठेवावे. तरोटा, माठ, हरभऱ्याचा पाला यांवर लिंबू पिळावे, त्यामुळे लोह अंगी लागते. जेवणाला लागूनच चहा घेऊ नये. चहाने ते वाया जाते. तासाभराचे अंतर ठेवावे. चक्कर येतच राहिल्यास उपकेंद्रात रक्त तपासून घ्यावे. गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या 180 दिवस चुकवू नयेत; शौच काळसर होते, त्याचे भय धरू नये.

तेलाविषयी एवढेच, की ते मोजून वापरावे. मीठ माणशी दिवसाला 5 ग्रॅमपुरते. लोणचे व पापड यांतील मीठही त्यातच धरावयाचे.

खर्चाचा प्रश्न शेवटी येतोच. येत्या खरिपात सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घ्याव्यात आणि बांधालगत चार-दोन तास मुगाचे टाकावेत. न्हाणीच्या पाण्यावर शेवग्याचा एक फाटा लावावा. त्याचा पाला पिठल्यात व डाळीत चालतो, आणि तो तोडताना कोणाकडे पैसे मागावे लागत नाहीत.